नाव न घेतलेल्याची राखण

मॉसन लेक्स
९ मार्च २००८

दादा,

फोन तू उचलत नाहीस, मेलला उत्तर देत नाहीस, म्हणून आता पत्र. पत्र कट करता येत नाही, हा त्याचा मोठा गुण. कालगुर्लीच्या पोस्टबॉक्सचा नंबर तुझ्या वर्गातल्या सिद्धार्थने दिला. "प्रणवला लिहितेयस? गुड लक, मेट," असं म्हणून तो इतका हसला की मला त्याचा राग आला. तुझाही आला.

तर बातमी अशी, की मी अ‍ॅडलेडला आलेय. तू शिकलास त्याच युनित आणि त्याच कॅम्पसवर. बाबांना वाटतं हा योगायोग आहे. इथे सध्या असं काही तापतंय की पस्तिशीच्या खाली पारा उतरायला तयार नाही. मी चित्रलेखा नावाच्या पुण्याच्या मुलीबरोबर एका विटांच्या बैठ्या घरात राहते. ती आयटीचं मास्टर्स करते आणि सगळ्या जगाला नावं ठेवते, त्यामुळे आमचं छान जमतं.

इंजिनिअरिंगला इथे दोन दारं आहेत, तुला माहीतच आहे. एक तर सिव्हिल, मेकॅनिकल, मायनिंग, जे काय असेल ते आधीच सांगून आत यायचं. नाहीतर पहिलं वर्ष सगळ्यांबरोबर करायचं आणि ऑक्टोबर संपायच्या आत शाखा सांगायची. तोवर तुम्ही अनडिक्लेअर्ड. बाबांचा हट्ट होता की सिव्हिल सांगूनच जा. मी म्हटलं, पहिलं वर्ष सारखंच असतं हो बाबा, पुढे सिव्हिलच आहे. हे खोटं नव्हतं. पूर्ण खरंही नव्हतं. मला काय करायचंय ते अजून ठरलेलं नाही, एवढंच समज.

तू सिव्हिल सांगून गेलास आणि मायनिंग करून बाहेर पडलास. पदवी मिळाल्यावर फोन करून सांगितलंस, तो दिवस मला आठवतो. बाबांनी रिसीव्हर नीट जागेवर ठेवला, आवाज चढवला नाही, आणि म्हणाले, "आजपासून या घरात त्याचं नाव घ्यायचं नाही." बाबांच्या धाकट्या भावाचं, चंद्रहासकाकाचं, काय झालं ते तुलाही माहीत होतं. गावाजवळच्या खाणीत ढिगारा कोसळला आणि काका त्याखाली गेला. तो सापडलाच नाही. वर काढून ठेवलेल्या त्याच्या वहाणा तेवढ्या घरी आल्या. तरीही तू मायनिंगच घेतलंस.

दोन वर्षं आई तुला "तो" म्हणते. तेही बाबा घरात नसताना.

उत्तर दे.

मयू


मॉसन लेक्स
१ जून २००८

दादा,

पहिलं पत्र परत आलं नाही, म्हणजे मिळालं असणार. असू दे. माझी मिडसेमची परीक्षा बरी गेली, हेही तू विचारलेलं नाहीस.

मे महिन्यात आईबाबा गावी गेले होते. माझ्या शाखेसाठी कौल लावायला! हसू नकोस. आईने फोन केला तो बाबा बाजारात गेल्यावर, आणि तेव्हाही ती इतक्या हळू बोलत होती की मला कॉलिंग कार्डाचाच दोष वाटला.

मुरलीधर गुरवाने देवाच्या पाषाणाला पाण्याने कळ्या लावल्या. सिव्हिल करावं का, असं विचारलं. उजवी कळी पडली तर हो, डावी पडली तर नाही, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक. एकही पडली नाही. मेकॅनिकल विचारलं, तेव्हाही नाही. आई म्हणाली तिसरंही विचारा, तर बाबा म्हणाले, तिसरं काही नाही. मग गुरवाने गाऱ्हाणं घालायच्या आधी बाबांना विचारलं, "तुमका पोरां कितकी?"

बाबा म्हणाले, "एक."

आई सांगते, ती त्या वेळी जमिनीकडे बघत होती. तिच्या मनात कोण होतं ते तिने मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, की बा देवा म्हाराजा, ह्यांचां एक लेकरू परमुलखात गेलां हा, त्येची राखण कर. सगळे "होय म्हाराजा" म्हणाले. नाव कोणी घातलं नाही. "कायतरी रवलां ह्या गाऱ्हाण्यात," असं मुरलीधर पुटपुटला, पण बाबा तोवर पायऱ्या उतरले होते.

दुसऱ्या दिवशी गुरव पूजेला गेला, तेव्हा पाषाणावरचं पाणी केव्हाच सुकलं होतं. कळ्या मात्र तशाच चिकटून होत्या. त्याने हाताने काढल्या तेव्हा निघाल्या.

मग आईने राखणदाराच्या जागी नव्या वहाणांचा जोड ठेवला, दर वर्षी ठेवतात तसा. इथे चित्रलेखाला हे समजावून सांगताना माझी फार तारांबळ उडाली. म्हटलं, आमच्या कोकणात प्रत्येक गावाला राखणदार असतो. तो दिसत नाही. घुंगुरकाठी घेऊन गावाच्या सीमेवरून फेरी मारतो, आपल्या माणसांवर लक्ष ठेवतो, आणि चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात म्हणून वर्षाला नवा जोड द्यायचा. ती म्हणाली, "म्हणजे सिक्युरिटी गार्ड, विथ युनिफॉर्म अलाउन्स." मी खूप हसले.

एवढं वाचून तरी हसलास का?

मयू


मॉसन लेक्स
२७ जुलै २००८

दादा,

आज एक गमतीची गोष्ट सांगते. अजून तरी ती गमतीचीच आहे.

गेले काही दिवस आर्वोला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारी, चारच्या सुमारास, आमच्या घराच्या बाहेरच्या भिंतीवर ठकठक होते. दरवाज्यापासून सुरू होऊन विटांवरून पुढे पुढे सरकते, कोपऱ्यावर वळते, मागच्या कपड्यांच्या दोरीपर्यंत जाते आणि थांबते. थोडी पुढे जाते, थांबते, ऐकल्यासारखी, आणि पुन्हा पुढे. अगदी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा चित्रलेखा म्हणाली, वाळवीवाला असेल. इथे घरमालक वाळवी बघायला माणूस पाठवतात, तो भिंती ठोकून बघतो कुठे पोकळ लागते का ते. मी बाहेर जाऊन बघितलं. कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठकठक. तिने एजंटला फोन केला, तर तो म्हणाला, आम्ही कोणाला पाठवलेलं नाही, पण ऐकू येत असेल तर नो वरीज, पाठवतो.

ठकठकीबरोबर बारीक छुमछुमही येते. चित्रलेखा म्हणते, शेजारच्यांच्या मांजरीच्या गळ्यातली घंटा. शेजाऱ्यांकडे मांजर नाही, हे तिलाही माहीत आहे.

मला मुळात भीती अशी वाटत नाही. ऊन असतं, रस्त्यावर शाळेतून परतणारी पोरं असतात, समोरचा म्हातारा लॉन कापत असतो. भरउन्हात कसली भीती? फक्त त्या वेळी मी हातातलं काम थांबवते. चित्रलेखाही थांबवते. मग आम्ही दोघी एकदम काहीतरी बोलायला लागतो.

परवा मी सेकंड इयर मायनिंगच्या लॅबमध्ये गेले होते. सहज. दार उघडं होतं. तिथे सरांनी लांब लोखंडी सळई घेऊन खडकावर ठोकून दाखवलं. पक्का खडक खणखणतो. आतून सुटलेला असला की बद्द वाजतो, आणि बद्द वाजला की त्याच्याखाली उभं राहायचं नाही. सर म्हणाले, मशिनं कितीही येवोत, खाली उतरलेला माणूस हे कानानेच ओळखतो. मला सळई धरू दिली. मी पाच दगड ठोकले आणि पाचही बरोबर सांगितले. सर म्हणाले, "यू मायनिंग?" मी म्हटलं, "अनडिक्लेअर्ड." ते म्हणाले, "नॉट फॉर लाँग, आय रेकन."

हे आपलं सहज सांगितलं. घरी कळायचं कारण नाही.

तू असंच ठोकून बघतोस का रे, रोज?

मयू


मॉसन लेक्स
७ सप्टेंबर २००८

दादा,

गमतीची गोष्ट आता गमतीची राहिलेली नाही.

आधी आईचा फोन सांगते. गणपतीला मुरलीधर गुरव राखणदाराच्या जागी झाडलोट करायला गेला, तर मे महिन्यात ठेवलेल्या वहाणा पार झिजलेल्या. टाचा गेल्या, अंगठे तुटले, तळाला भोकं पडली. वर्षभर पुरणारा जोड. गुरव आईला म्हणाला, "एवढो खंय चालता तो?" आई मला विचारत होती, तू बरी आहेस ना, सर्दीखोकला नाही ना. मी म्हटलं, मी ठणठणीत आहे. ठणठणीतच आहे मी.

पण तो इथे येतोय, दादा. लिहून टाकते, म्हणजे सुटले. आर्वोला चार वाजता येतो. आधी भिंत ठोकतो, आणि आता त्यानंतर दरवाज्यावर तीनदा ठोकतो आणि थांबतो. कातडी वहाणांची करकर ऐकू येते. उंबऱ्यापाशी कोणीतरी वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर टाकतं, तशी. काहीतरी विचारून उत्तराची वाट बघावी तसं थांबणं असतं ते. मग घुंगरं वाजतात आणि तो निघून जातो.

आणखी एक आहे. त्याच्या मागे अजून कोणीतरी असतं. त्याच्या पायात काही नसतं. सिमेंटवर अनवाणी पाऊल कसं वाजतं ते तुला ठाऊक आहे. अगदी तसंच.

गुरुवारी मी मागे मागे गेले. चित्रलेखा म्हणाली, "वेडी आहेस का?" आणि माझ्याबरोबर आली. दिसत काहीच नव्हतं, आम्ही आवाजामागे चाललो होतो. तळ्याच्या कडेच्या वाटेवर सध्या एक मॅगपाय पक्षी पिलांपायी पिसाळलेला आहे. येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोक्यावर झडप घालतो, पोस्टमनसुद्धा हेल्मेट घालून येतो. त्या दिवशी तो पक्षी फांदीवर मान आत घालून बसून राहिला. आवाज पुलावरून कॅम्पसवर गेला आणि खडकांच्या लॅबच्या बंद दारापुढे थांबला. तीनदा ठकठक. वाट बघणं. मग काहीच नाही. दोन मुलं लॅपटॉप घेऊन आमच्यासमोरून गेली, त्यांना काही जाणवलंही नसावं.

परत येताना चित्रलेखाने माझा हात धरला होता. ती म्हणाली, "मयूरा, तुमचा सिक्युरिटी गार्ड कोणाला तरी शोधतोय."

मला वाटलं मला शोधतोय. पण मी तर घरातच होते, दारामागे. मी सापडले असून तो रोज का शोधतोय?

मयू


मॉसन लेक्स
६ ऑक्टोबर २००८

दादा,

काल इथे घड्याळं एक तास पुढे झाली, डेलाइट सेव्हिंग. आज लेबर डेची सुट्टी, आम्ही दोघी घरात. चार वाजले. काहीच नाही. चित्रलेखा म्हणाली, "गेला वाटतं. थँक गॉड." तिने चहा टाकला. मला बरं वाटायला हवं होतं, पण मी खिडकीशी नुसती बसून राहिले.

पाच वाजता भिंतीवर ठकठक झाली.

चित्रलेखाच्या हातातली गाळणी पडली. ती आयटीवाली, माझ्या आधी तिच्याच लक्षात आलं. "त्याने घड्याळ पुढे केलं नाही," ती म्हणाली. "आत्ता इंडियात किती वाजलेत?" आम्ही बोटांवर मोजलं. गावी ऐन दुपारचे बारा. बारा वाजता राखणदाराची फेरी असते, त्या वेळी वाटेत उभं राहू नये, असं आपल्याला लहानपणी ओरडून सांगायचे, आठवतं? तो गावच्या बारालाच निघतो, दादा. आमच्या घड्याळाशी त्याला काय करायचंय?

मग मला सगळं एकदम कळलं, आणि मी स्वयंपाकघरात खाली बसून रडले. गाऱ्हाण्यात सांगितलं, एक लेकरू, परमुलखात. नाव घातलंच नाही. बाबांनी मोजलं ते मला, आईच्या मनात होतास तू. दोघांनी मिळून त्याला अर्धा अर्धा पत्ता दिला. म्हणून तो माझ्या दारात येतो, मला बघतो, मी ते लेकरू नव्हे हे त्याला कळतं, आणि मग तो खाणीचं काही शिकवतात त्या दारापुढे जाऊन उभा राहतो. त्याला पुढचं कोणी सांगितलेलंच नाही.

म्हणजे मे महिन्यापासून तुझी राखण कोणी केलेली नाही. मेपासून कुठली, गेली दोन वर्षं. दर वर्षी घरातल्या प्रत्येकाच्या नावाने नारळ ठेवतात, आणि तुझ्या नावाचा बाबांनी ठेवू दिला नाही. तू रोज खाली उतरतोस आणि तुझ्यामागे कोणी नाही.

मला तुझा फार राग आहे, दादा. तरीही मला तू हवा आहेस. तुला काही झालं तर आमच्या घरी तर रडायचीसुद्धा सोय नाही, कोणासाठी रडतोय ते सांगायला नाव लागेल.

हे पत्र पोचेपर्यंत चार-पाच दिवस जातील. पोचलं की वरचा खडक दोनदा ठोकून बघ. एवढं कर.

मयू


मॉसन लेक्स
१९ ऑक्टोबर २००८

दादा,

काल मी गाऱ्हाणं घातलं.

मला धड येत नाही. आईला फोन केला तर ती म्हणाली, बायका घालत नाहीत, आणि मग म्हणाली, नाव स्पष्ट घे हो. कौतुक म्हणजे चित्रलेखा आंघोळ करून, नवा कुर्ता घालून तयार झाली. मी तिला शिकवलं, की माझं वाक्य संपलं की तू "होय म्हाराजा" म्हणायचं. "अ‍ॅक्सेंट चालेल ना?" तिने विचारलं. ती चेष्टा करत नव्हती.

पाच वाजता भिंतीवर काठी वाजली. मी दार उघडलं. बाहेर ऊन, समोरच्याच्या लॉनवर पाण्याचा फवारा. उंबऱ्याच्या पलीकडे काहीच नव्हतं, तरी तिथे कोणी उंच उभं असल्यासारखी मी मान वर केली. त्याने तीनदा ठोकलं. दार उघडं असूनही ठोकलेलं ऐकू आलं.

मी म्हटलं, बा देवा म्हाराजा, राखणदारा, तुझी चूक नाही, आमचीच चूक झाली. आमच्या घरात एक नाही, दोन लेकरं आहेत. तू शोधतोयस तो प्रणव. माझा मोठा भाऊ. तो इथे नाही. इथून पश्चिमेला कालगुर्ली म्हणून गाव आहे, सोन्याच्या खाणीचं, तिथे जमिनीखाली कामाला आहे. वाट लांबची आहे, मधे पाणी नाही, झाडं नाहीत. पण त्याच्याकडे जा. माझी राखण नाही केलीस तरी चालेल, त्याची कर. त्याचं नाव प्रणव. नीट ऐक, प्रणव.

"होय म्हाराजा," चित्रलेखा म्हणाली. मीही म्हणाले.

दादा, आवाज दोघींचाच नव्हता. आमच्याबरोबर अजून एकजण "होय म्हाराजा" म्हणाला. तरुण पुरुषाचा आवाज. आपल्या गावच्या सुराचा. चित्रलेखाने माझ्याकडे बघितलं आणि मग मागे भिंतीला टेकली.

घुंगरं वाजली, वहाणा करकरल्या, मागे ती अनवाणी पावलं. आवाज पश्चिमेला रेल्वे लाइनच्या बाजूला गेला. आज पाच वाजता कोणी आलं नाही. घर फार रिकामं वाटतंय, हसू नकोस.

आता माझं. ऑक्टोबर संपत आलाय. सगळे सांगतात, मायनिंग घेऊ नकोस, भाव कोसळलेत, खाणी बंद पडतायत, लोकांना काढतायत. सिद्धार्थ तर म्हणाला, बुडत्या बोटीचं तिकीट काढतेयस. घरचं काय सांगू? पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, की मला काय करायचंय ते ठरलेलं नाही. ठरलेलं होतं. मुंबईहून निघण्याच्या आधीच ठरलेलं होतं. आपल्या घरात एखादी गोष्ट बोलली की ती पुसतात, म्हणून मी ती बोलत नव्हते. अनडिक्लेअर्ड राहिलं की कोणी पुसू शकत नाही.

पण काल त्या दारात उभी राहून तुझं नाव मोठ्याने घेतलं ना, तेव्हापासून मला माझीच लाज वाटतेय. नाव घेतलं नाही म्हणून काय झालं ते मी बघितलं.

मयू


मॉसन लेक्स
१६ नोव्हेंबर २००८

दादा,

तुझा फोन येऊन गेला तरी हे पत्र लिहितेय, कारण फोनवर मी नुसती रडत होते आणि तू "अगं बोल, अगं बोल" म्हणत होतास. आता क्रमाने सांगते.

ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी मी मायनिंग डिक्लेअर केलं. काउंटरवरची बाई म्हणाली, "गुड ऑन यू, लव्ह," आणि पुढच्याला बोलावलं. तेवढंच. मग मी डोंबिवलीला फोन लावला आणि बाबांना सांगितलं. रिसीव्हर ठेवल्याचा आवाज आला, तसाच, नीट जागेवर. चित्रलेखा म्हणाली, "वेलकम टू द क्लब. आता तूही 'ती'." माझ्यामागे ना राखणदार, ना बाबा. त्या आठवड्यात मी पाच वाजले की उगाच दाराशी जाऊन उभी राहायचे.

मग तुझा फोन आला. अडीच वर्षांनी तुझा आवाज ऐकला, आणि तू कशी आहेस वगैरे काही नाही, पहिलं वाक्य काय, तर "मयू, तू कोणाला पाठवलंस?"

तू सांगितलंस ते मी आईला सांगितलं, शब्दाला शब्द. तू तुमच्या बोगद्याच्या पुढच्या टोकाला होतास, मशिनं बंद होती, तुझ्याबरोबर काम करणारा डॅरन आणि दुसरा एकजण तुझ्या मागे. माझी पत्रं तू खिशात घेऊन हिंडत होतास, एकालाही उत्तर न देता. आणि पुढच्या काळोखात, जिथे पोचलेला माणूस असणं शक्यच नाही, तिथे वरच्या खडकावर कोणी काठी ठोकायला लागलं. ठकठक, थांबायचं, ठकठक. घुंगरांसकट. आधी खणखणीत. मग तुमच्या डोक्यावर आली आणि बद्द वाजली. बद्द, बद्द, बद्द. डॅरननेही ऐकलं. तुम्ही मागे पळालात, आणि तुम्ही उभे होतात तिथे वरचा खडक खाली आला.

आणि पळताना तुझ्या हाताला कोणीतरी धरून ओढलं. डॅरन नाही, तो पुढे होता. तुझ्या शेजारून कोणी धावत होतं, पायात बूट नव्हते. त्या दगडगोट्यांत अनवाणी. तू म्हणालास, त्या धावण्याचा आवाज अजून कानातून जात नाही.

हे मी आईला सांगत होते तेव्हा बाबा पलीकडे होते, मला माहीत नव्हतं. आईने स्पीकर लावला होता. "अनवाणी" म्हटल्यावर तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. त्या रात्री बाबा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी एसटीने एकटेच गावी गेले.

पुढचं आईला मुरलीधराने सांगितलं. बाबा देवळात गेले आणि गाऱ्हाणं घाल म्हणाले. गुरवाने पुन्हा विचारलं, "पोरां कितकी?" बाबांनी आधी देवापुढे हात जोडले. मग म्हणाले, "दोन. प्रणव आणि मयूरा. दोघंही खाणीची." मुरलीधर म्हणतो, कळ्या नीट लावून व्हायच्या आत उजवी पडली.

दादा, ते तुला फोन करतील. लगेच नाही करणार, तुला त्यांचा स्वभाव माहीत आहे. वाजला की उचल. कट करू नकोस.

आज पाच वाजता माझ्या दारावर पुन्हा ठकठक झाली. मी दार उघडून म्हटलं, "हो, मी मयूरा, बरोबर ठिकाणी आलात." चित्रलेखा आतून ओरडली, "चहा घेणार का विचार!" तो आज एकटाच होता. मागे अनवाणी पावलं नव्हती. मी कान देऊन ऐकलं. नव्हतीच. म्हणजे दुसरा तुझ्याकडेच राहिला असणार. तुझ्याकडे ऐकू आला तर पाऊल कसं वाजतं ते मला कळव, कारण आता ते निराळं वाजायला हवं.

बाबांनी राखणदाराच्या जागी या वेळी वहाणांचे दोन जोड ठेवलेत. एक नेहमीचा, मोठा. दुसरा चांभाराकडून मुद्दाम करून घेतला. चांभाराने माप विचारलं, तेव्हा बाबांनी पिशवीतून चंद्रहासकाकाच्या जुन्या वहाणा काढून दिल्या.

मयू